सात दिवस की तीस?

गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी किती रुपयांची भाजी आली? सांगणे कठीण; सात दिवसांचे कदाचित जमेल. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९४ ते १९९८ दरम्यान अन्नावरील खर्च काही घरांना तीस दिवसांचा विचारला, काहींना सात दिवसांचा. घरांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली. तरी महिन्याचा हिशेब मांडता सात दिवसवाल्यांचा खर्च बराच जास्त भरला! तीस दिवसांत विसर पडतो, हे उघड. पण नवव्या दिवसाची खरेदीही नकळत सातांत घुसते, बरे का. देशात गरीब किती, हे याच खर्चावरून ठरत असे. १९९९-२००० मध्ये दोन्ही प्रश्न एकाच घरी विचारले गेले आणि उत्तरे एकमेकांजवळ आली. मागच्या आकड्यांशी सरळ तुलना होईना. गरिबी खरोखर किती घटली, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.