गाठीचा विद्युत् नकाशा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचपणी आशाताईंच्या 'सीबॅक' फॉर्मपासून सुरू होते. स्तनात गाठ आहे काय, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो काय, आकार बदलला आहे काय, असे प्रश्न त्यात तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना विचारले जातात. उत्तर होकारार्थी आले, की आरोग्य केंद्र आणि गरज पडल्यास जळगाव वा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, असा पुढचा मार्ग असतो. हाताने तपासताना गाठ लागली, तरी ती साधी की कर्करोगाची हे त्यावरून ठरत नाही, आणि तरुण वयात ग्रंथींची ऊती दाट असल्यामुळे मॅमोग्राफीच्या क्ष-किरण चित्रातही गाठ झाकली जाऊ शकते. विद्युत् प्रतिमांकनाचा विचार होतो तो या अडचणीपाशी.

स्तनाच्या घातक अर्बुदांची विद्युत् धारणा, म्हणजे विद्युत् भार साठवण्याची क्षमता, साध्या अर्बुदांहून अधिक असते, हे अमेरिकेत फ्रिके आणि मोर्स यांनी 1926 मध्येच नोंदवले होते. शिवाय चरबी प्रवाहाला अडवते, तर पाण्याचे प्रमाण जास्त असलेली कर्करोगाची ऊती त्याला तुलनेने सहज वाट देते. प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या अशा एकूण विरोधाला संरोध म्हणतात. अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळालेल्या 'टी-स्कॅन' यंत्राच्या तपासणीत स्त्री हातात धातूची नळी धरते, तिच्यातून सौम्य प्रवाह शरीरात जातो आणि जेल लावून स्तनावर टेकवलेला, संवेदकांची जाळी असलेला प्रोब तो टिपतो. प्रवाह जेथे जास्त, तेथे पडद्यावर उजळ ठिपका उमटतो. मात्र स्तनाग्र मुळातच उजळ दिसते, शिवाय बरगडी, जेलमधला हवेचा बुडबुडा किंवा प्रोबचा सैल स्पर्श यांमुळेही फसवा ठिपका पडतो, त्यामुळे तो खरा की खोटा हे पारखून घ्यावे लागते. या यंत्राला मान्यताही मॅमोग्राफीची जोड म्हणूनच मिळाली होती.

हाताने केलेल्या तपासणीचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा लाभ आढळला नाही. विद्युत् प्रतिमेची खरी गरज या तरुण गटालाच आहे, पण निदानाचा अंतिम आधार बायोप्सी हाच आहे. म्हणून डॉक्टरांनी सुचवलेली बायोप्सी यंत्राच्या पडद्यावर काही दिसले नाही एवढ्यावरून कोणत्याही स्त्रीने टाळू नये.