वायपर, जुन्या मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पावसाचे पाणी, बर्फ व चिखल पुसून चालकाची दृष्टी मोकळी ठेवणारी प्रयुक्ती. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये हाताने चालविण्याच्या अशा प्रयुक्तीचे एकस्व मिळाले. त्यानंतर एंजिनातील शोषणावर चालणारे वायपर प्रचारात आले व १९२६ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने विद्युत् वायपर बाजारात आणला. जतन करून ठेवलेल्या जुन्या गाड्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. अशी गाडी बहुधा कोरड्या दिवशीच बाहेर काढली जात असल्याने वायपरातील दोष वर्षानुवर्षे लपून राहतो आणि अवचित आलेल्या पावसात, चालत्या रस्त्यावर, उघडकीस येतो.

शोषणावर चालणाऱ्या प्रकारात एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील कमी दाबामुळे एका पेटीतील पाते मागेपुढे हलते. गाडी चढ चढू लागली अथवा चालकाने वेगवर्धक जोराने दाबला, म्हणजे नळीतील शोषण घटते व वायपर मंदावतो किंवा थांबतो. हा त्या रचनेचा अंगभूत गुण आहे, बिघाड नव्हे. म्हणून काही गाड्यांत इंधन पंपालाच शोषण वाढविणारा दुसरा पडदा जोडलेला असे. खऱ्या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा तडकलेल्या रबरी नळीत किंवा पात्याच्या कडेच्या सुकलेल्या चामडी पट्टीत असते. या गळतीतून हवा एंजिनात शिरत असल्यामुळे एंजिन मंदगतीवर अडखळत चालते. वायपर व एंजिन यांच्या तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या असतील, तर प्रथम ही नळी तपासणे इष्ट ठरते. सीत्रोएन २सीव्ही या फ्रेंच गाडीत तर वायपरला गती वेगमापकाच्या केबलपासून मिळत असे. साहजिकच पावसात गाडी हळू चालविल्यास तोही हळू चाले.

विद्युत् प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ल्यूकस कंपनीची ‘डीआर’ श्रेणीतील रचना. एमजीबी (१९६२–८०) या गाडीच्या आरंभीच्या नमुन्यांत ती वापरलेली होती. तीत चलित्राची गती मळसूत्री दंतचक्रामार्फत कमी केली जाते व भुजेच्या साहाय्याने एक लवचिक केबल ताठ नळीतून मागेपुढे सरकते. केबलीभोवती गुंडाळलेली तार मळसूत्राच्या आट्यांसारखी असून ती प्रत्येक वायपराच्या दांड्यावरील दंतचक्रात अडकते.

अशा रचनेत वायपर मंद चालत असेल, तर दोष विजेचा की यांत्रिक, हे आधी ठरवावे लागते; ते न करता चलित्र बदलणे हा व्यर्थ खर्च होय. वायपराच्या भुजा काढून घेऊन व केबल सोडवून चलित्र एकटे चालवितात. ते जोमाने फिरले, तर अडथळा केबलीत किंवा दंतचक्राच्या पेट्यांत आहे हे उघड होते. भुजा काढलेल्या स्थितीत नळीतील केबल ओढण्यास सु. २.७ किग्रॅ. पेक्षा अधिक जोर लागू नये. लागल्यास नळी दबलेली असते किंवा आतील जुने ग्रीज मेणासारखे घट्ट झालेले असते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दुसरा दोषच फार आढळतो, आणि सफाई करून नवे ग्रीज भरल्याने तो जातो. दंतचक्राचा फक्त थोडाच भाग वापरात येत असल्यामुळे दाते झिजल्यास ते अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवितात व न झिजलेले दाते कामास लावतात. वायपराची भुजा हाताने ढकलणे मात्र टाळावे; मळसूत्री दंतचक्र उलट दिशेने फिरत नाही, पण त्याचे दाते तुटू शकतात.

एकटे चलित्रही मंद फिरत असेल, तर ते चालू असताना त्याच्या टोकांमधील विद्युत् दाब मोजतात. तो घटमालेच्या दाबापेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी भरल्यास दोष तारा, स्विच किंवा सांगाड्याशी केलेली जोडणी यांत असतो. गंज व रंगाचा थर हे नेहमीचे अपराधी. या रचनेत स्विच चलित्र व सांगाडा यांच्या दरम्यान असल्याने स्विचकडील टोक तात्पुरते तारेने थेट सांगाड्याला जोडून पाहता येते. वेग वाढला, तर चलित्र निर्दोष आहे. सहा व्होल्टच्या गाड्यांत याचे महत्त्व विशेष. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो, त्यामुळे त्याच रोधाने होणारी घट बारा व्होल्टच्या तुलनेत प्रमाणाने चौपट पडते. दाब पुरेसा असूनही गती मंद असेल, तरच चलित्र उघडून ब्रश व दिक्परिवर्तक पाहावेत. फ्यूज वारंवार जात असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज बसवू नये. अडकलेले चलित्र मोठा प्रवाह घेते व मग गुंडाळीच जळते.

स्विच बंद केल्यावर वायपर काचेच्या कडेशी जाऊनच थांबावेत, यासाठी चलित्रात सीमा-स्विच असतो. कडेपर्यंत पोहोचेतोवर तो प्रवाहाचा मार्ग चालू ठेवतो. वायपर काचेच्या मध्येच थांबत असतील, तर या मार्गातील स्पर्शक मळलेले किंवा तार तुटलेली असते. ते थांबतच नसतील, तर स्पर्शक उघडत नाहीत किंवा स्विचकडील तार कोठेतरी सांगाड्याला टेकलेली असते.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नंतर ही जोडणी उलटविली, तरी क्षेत्र गुंडाळी असलेल्या चलित्राची दिशा बदलत नाही, कारण क्षेत्र व आर्मेचर या दोहोंतील प्रवाह एकदमच उलटतात. चिरस्थायी चुंबकाचे चलित्र मात्र उलटे फिरते व वायपरांचे विराम-स्थान बिघडू शकते.

पाणी पुसले न जाणे हा दोष बहुतांशी रबरी पातीचा असतो. ऊन व हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते. भारतात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची पात पहिल्या पावसापूर्वीच निकामी झालेली असते. पात नवी असूनही काचेवर थरथरत असेल, तर भुजा पिळलेली असून पात काचेशी काटकोनात टेकत नाही, किंवा काचेवर तेलाचा अथवा मेणाचा थर आहे असे समजावे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ मध्ये बाद झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी किंवा २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अँबॅसडर यांसारख्या गाड्यांच्या मूळ मापाची पात न मिळाल्यास जुन्या धातूच्या चौकटीत केवळ रबराची पट्टी कापून बसविता येते. दांड्यावरील बारीक खाचा झिजल्या असतील, तर दांडा फिरतो पण भुजा जागेवरच राहते. अशा वेळी झिजलेला भाग बदलावा लागतो.