सान होसेची पायपीट

निघण्यापूर्वी वडिलांचा निरोप घ्यायला गावी गेलो होतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. घरटी एक तरी माणूस फौजेत, असा आमच्याकडचा रिवाज. आबा स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झाले. १९७१ च्या लढाईत ते होते, पण तिच्याबद्दल आपणहून कधी बोलत नाहीत. धाकटी बहीण व तिचे यजमान नोकरीनिमित्त कोस्टा रिकात राहतात, उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जाऊन येतो, असे मी सांगितले. आबांनी नकाशा मागितला. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या त्या चिंचोळ्या पट्टीवर बोट ठेवून मी म्हटले, "आबा, या देशाला फौज नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "फौज नाही? मग राखण कोण करतं?"

मला उत्तर देता येईना. गेली वीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवतो. परराष्ट्रांचा कारभार हा काही माझा प्रांत नव्हे. "बघून ये आणि मला सांग," आबा म्हणाले. सुभेदारसाहेबांचा हुकूमच तो!

बहिणीचे घर सान होसे या राजधानीपासून दहा-अकरा किलोमीटरवर, हेरेदिया नावाच्या गावी. ती दोघे कामावर गेली की मी मोकळा. एके दिवशी तिने वहीच्या पानावर शहराचा नकाशा काढून दिला आणि बजावले, "दादा, सगळं पायी बघ. लांब काही नाही. फोन मात्र खिशातून बाहेर काढत फिरू नकोस, आणि दुपारच्या आत कुठल्या तरी छपराखाली शीर." सान होसे समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले, हवा आपल्या पाचगणीसारखी. परंतु मे महिना लागला की रोज दुपारी पाऊस ठरलेला. सकाळी लख्ख ऊन आणि दोनच्या सुमारास आपला वळीव!

नकाशा पाहून मी विचारले, "रस्त्यांची नावं कुठे आहेत?" ती हसू लागली. या शहराच्या रस्त्यांना आकडे आहेत, आणि तेही मोठे शिस्तीत. पूर्व-पश्चिम जाणारी ती 'आवेनिदा', उत्तर-दक्षिण जाणारी ती 'काये'. मध्यापासून उत्तरेकडच्या आवेनिदा विषम, दक्षिणेकडच्या सम. पण लोकांना त्या आकड्यांशी कर्तव्य नाही. २०१२ पासून नगरपालिकेने रस्त्यांवर पाट्या लावल्या, तरी पत्ता सांगायचा तो जुन्याच रीतीने : अमुक चर्चपासून २०० मीटर उत्तरेला आणि ७५ मीटर पूर्वेला. १०० मीटर म्हणजे एक चौक, मग तो मोजून कितीही भरो! त्याहून मौज म्हणजे ज्या खुणेपासून मोजायचे ती खूण जागेवर असलीच पाहिजे असे नाही. पूर्वेच्या सान पेद्रो उपनगरात एक मोठे वडा-उंबराच्या जातीचे झाड होते. झाड गेले, पण 'जुन्या झाडापासून' हा पत्ता चालूच आहे. शहरातल्या एका बसतळाला सगळे 'कोका-कोला' म्हणतात, कारण तिथे पूर्वी त्या पेयाचा कारखाना होता. पेरूगेटापाशी पेरू न शोधणाऱ्या पुणेकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

पायपिटीचा आरंभ मी मध्यवर्ती बाजारापासून केला. हा बाजार १८८० सालचा. एका चौकाएवढ्या छपराखाली अरुंद बोळ, त्यांत मासळी, वाळलेली औषधी पाने, चामड्याचे पट्टे, फुले आणि जागोजागी 'सोदा' नावाच्या छोट्या खाणावळी. टोमॅटो, मिरची, पपई, पेरू यांचे ढीग पाहून क्षणभर आपल्या मंडईत आल्यासारखे वाटले. खरे म्हणजे ही मंडळी मूळची अमेरिका खंडाकडची. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि आता आपल्याच आजीच्या हातची झाली आहेत. एका सोदात बसलो. काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात आला. त्याला 'गायो पिंतो', म्हणजे ठिपक्यांचा कोंबडा, म्हणतात. कोंबडीचा मात्र त्यात संबंध नाही! लाकडी चौकटीला टांगलेल्या कापडी पिशवीतून गाळलेली कॉफी आली. शेजारचे म्हातारे गृहस्थ वेगळेच काही पीत होते. विचारले, तर 'आग्वा दुल्से', म्हणजे गोड पाणी. उसाचा रस आटवून केलेली ढेप गरम पाण्यात विरघळवायची की झाले. अहो, हा तर आपला गूळ! मी तोही मागवला. तिथली बाई माझ्याशी, पोऱ्याशी आणि पायाशी घोटाळणाऱ्या मांजराशीसुद्धा 'उस्तेद', म्हणजे 'आपण', असे म्हणत होती. या देशात लेकराबाळांना व कुत्र्यामांजरांनाही अहो-जाहो करतात. मराठीच्या मास्तराला याहून काय हवे?

बाजारातून निघालो, १९१७ सालची टपालकचेरी पाहिली आणि आवेनिदा सेंत्राल या मुख्य रस्त्याला लागलो. हा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. लॉटरीची तिकिटे विकणारे, बूट पुसणारे, शाळेची पोरे, सगळ्यांचा प्रवाह. दहा मिनिटांत मोकळा चौक लागतो, आणि त्याच्या कडेला राष्ट्रीय नाट्यगृह.

१८९७ च्या २१ ऑक्टोबरला हे नाट्यगृह उघडले. तेव्हा हा देश लहान, गरीब, आणि सगळी मदार कॉफीच्या पिकावर. नाट्यगृहासाठी आरंभी परदेशी जाणाऱ्या कॉफीवर कर बसवला. पुढे तो जाऊन बाहेरून येणाऱ्या मालावर कर आला. म्हणजे बागाईतदाराने सुरू केलेला खर्च अखेर सामान्य गिऱ्हाइकाने उचलला. आत संगमरवर, सोनेरी वर्ख, आणि प्रेक्षागृहाची जमीन हातरहाटाने रंगमंचाच्या पातळीपर्यंत उचलून नाचाचा दिवाणखाना करण्याची सोय! जिन्यावरच्या छतावर आलेआर्दो विल्ला या इटालियन चित्रकाराने काढलेले कॉफी आणि केळीच्या पिकांचे चित्र आहे. चित्र देखणे, पण चित्रकाराने हा देश पाहिलेला नव्हता. म्हणून डोंगरातली कॉफी त्याने समुद्रकाठी लावली आणि एका माणसाच्या हातात केळ्यांचा घड उलटा दिला. कोणी हसून ते पुसून टाकले असते. या लोकांनी ते चित्र आपल्या पाच कोलोनच्या नोटेवर छापले! चूक झाकण्यापेक्षा तिच्यासकट आपली म्हणण्यात एक ऐट आहे, हे मला आवडून गेले.

तेथून ईशान्येला मोराझान उद्यान, १९२० सालचा घुमटाखालचा संगीतमंडप, आणि जवळच एक पत्र्याची इमारत. पत्र्याची म्हणजे खरोखरच धातूची. बेल्जियममध्ये सुटे भाग तयार करून जहाजाने आणले आणि इथे जोडून उभे केले. १८९६ साली तिच्यात शाळा भरली. ते वर्ष पाहून मी थबकलो. लगोलग दोन वर्षांत एक शाळा आणि एक नाट्यगृह! प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे, हे तर या देशाने १८६९ च्या घटनेतच लिहून ठेवले होते. आबांच्या प्रश्नाच्या उत्तरातला एक तुकडा हाती लागला असे वाटले.

पण हे लोक लढलेच नाहीत असे कोणी समजू नये. पुढच्या राष्ट्रीय उद्यानात १८९५ सालचे एक ब्राँझचे स्मारक आहे. विल्यम वॉकर नावाच्या अमेरिकन पुंडाने भाडोत्री माणसे घेऊन शेजारचे निकाराग्वा बळकावले होते आणि तिथे गुलामगिरीही पुन्हा सुरू केली होती. १८५६-५७ त त्याच्याशी मध्य अमेरिकेतली राज्ये लढली. स्मारकात पाच राज्ये पाच स्त्रियांच्या रूपाने उभी आहेत आणि वॉकर तोंड लपवून पळतो आहे. त्या युद्धात शत्रूच्या ठाण्याला आग लावताना हुआन सान्तामारिया हा ताशा वाजवणारा गरीब घरचा पोरगा मेला. ज्या विमानतळावर मी उतरलो होतो त्याला नाव आहे ते सेनापतीचे नव्हे, या पोराचे.

पहिले थेंब पडू लागले तसा मी दक्षिणेकडे झपाझप चालत एका टेकाडावरच्या पिवळट किल्ल्यात शिरलो. हीच बेयाविस्ता बराक; आजचे राष्ट्रीय संग्रहालय. आत फुलपाखरांची बाग आहे, प्राचीन लोकांनी घडवलेले गुळगुळीत दगडी गोल आहेत, शिपायांच्या खोल्या आहेत, कोठड्या आहेत. मी मात्र पावसात उभा राहून बुरुजाकडे पाहत होतो. त्याच्या भिंतीवर गोळ्यांची भोके आहेत. १९४८ च्या वसंतात निवडणुकीच्या भांडणातून इथे यादवी पेटली. सहा-एक आठवडे भाऊ भावाशी लढला. जिंकणाऱ्यांचा पुढारी होसे फिगेरेस. त्याने १ डिसेंबर १९४८ रोजी याच बराकीच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि फौज मोडल्याचे जाहीर केले. बराकीच्या किल्ल्या शिक्षणखात्याच्या हवाली झाल्या. १९४९ च्या घटनेच्या बाराव्या कलमाने कायमची फौज बंद झाली.

यात निव्वळ साधुत्व होते असे नाही. पराभूत सरकारची फौज जिवंत ठेवून आपल्याच उशाशी विंचू कोण बाळगील, हाही हिशेब असल्याचे इतिहासकार सांगतात. परीक्षाही लगेच आली. त्याच डिसेंबरात निकाराग्वाच्या बाजूने सशस्त्र टोळी चालून आली, आणि १९५५ त पुन्हा. दोन्ही वेळा या देशाने अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेकडे धाव घेतली आणि संकट टळले. राखण करतात ते पोलीस, शेजाऱ्यांशी केलेले करार आणि जगाची लाज. ही राखण अभेद्य नाही. अलीकडे मादक द्रव्यांच्या टोळ्यांमुळे खून वाढले. २०२३ साली त्यांच्या संख्येने तोवरचा उच्चांक गाठला. बहिणीने फोन खिशात ठेवायला सांगितले होते ते उगाच नव्हे.

पाऊस ओसरल्यावर उद्यानाशेजारच्या अटलांटिक स्टेशनातून संध्याकाळची गाडी पकडली. घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. गावी सकाळचे साडेसहा. आबा उठून अंगणात बसले असणार. फोन लावला आणि पाहिले ते सगळे सांगितले. ते मधेच एक शब्द बोलले नाहीत. शेवटी विचारले, "ती भोकं बुजवली न्हाईत ना?"

"नाही. तशीच ठेवलीत."

"बरं केलं." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "आणि ज्यानं घाव घातला, तो जिंकलेला का हरलेला?"

"जिंकलेला, आबा."

"मग मोठा माणूस. हरलेला हत्यार टाकतोच. जिंकलेल्या हातातनं हत्यार सुटत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्याला हे परवडायचं न्हाई. आपली शीव येगळी, शेजार येगळा. पर त्यांनी केलं ते भ्याडपणानं न्हाई केलं, एवढं कळलं."

इतक्या वर्षांत लढाईसंबंधी आबा माझ्याशी एवढे बोलले ते प्रथमच. मी काही म्हणणार तोच त्यांचा नेहमीचा आवाज आला, "आणि काय रं, येताना तो तिथला गूळ आण थोडा. बघू तरी, आपल्यासारखा हाय का."