काळी-पिवळीतला लाल बल्ब ते रंग बदलणारी पट्टी

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि पुढे इथल्या नव्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-१८ ऐवजी एमएच-३९ दिसू लागले. त्या काळच्या काळी-पिवळी जीपमध्ये रात्री उजेड तो केवढा? छताला एक मिणमिणता दिवा आणि डॅशबोर्डावर याहामोगी मातेच्या किंवा सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे इवलासा लाल बल्ब. चालक किल्ली फिरवायचा, बल्ब लागायचा, हात जोडून झाले की गाडी धडगावच्या वाटेला लागायची. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर तेव्हा वीजही पोचली नव्हती.

आज तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या रस्त्यावर रात्री उभे राहिले, तर एखाद्या गाडीच्या काचेआड जांभळा, मग निळा, मग हिरवा रंग सरकताना दिसतो. ही हौस इथवर कशी आली, याची गोष्ट जपानमधून सुरू होते.

लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पाठोपाठ हिरवाही. अडले होते ते निळ्यावाचून. १९९३ मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी करून दाखवला आणि निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही हाती आले आणि हवा तो रंग जमवता येऊ लागला. गाडीत लावायच्या एलईडी पट्टीवरच्या शेंगदाण्याहून लहान चौकोनात हे तीन दिवे शेजारी-शेजारी बसवलेले असतात. कंट्रोलर प्रत्येकाला सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करून त्याचा उजेड कमी-जास्त करतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण छटा होतात १ कोटी ६७ लाख!

फोर्डने २००५ च्या मस्टँगमध्ये मीटरच्या उजेडाचा रंग निवडायची सोय दिली. २०१६ च्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये ६४ रंग आले. भारतात २०१९ मध्ये आलेल्या किया सेल्टॉसच्या वरच्या मॉडेलमध्ये गाण्याच्या ठेक्यावर दिवे बदलू लागले. मग ज्यांच्या गाडीत ही सोय नव्हती, त्यांनी ॲक्सेसरीजच्या दुकानाची वाट धरली.

या हौसेला एका निकालानेही नकळत हात दिला. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. फिल्म निघाली आणि गाडीचे पोट रस्त्यावरून दिसू लागले. आत लावलेला रंग आता बाहेरच्यांनाही दिसणार होता.

पट्टी बसवणे हे नाजूक हाताचे काम आहे. चांगला कारागीर प्लास्टिकच्या पात्याने डॅशबोर्डाची फट अलगद उघडतो आणि तिच्यात दोऱ्याएवढी प्रकाशनळी दाबून बसवतो. मूळ वायर न कापता तो फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र फ्यूज लावून वीज घेतो. वायरवर कापडी टेप गुंडाळतो, म्हणजे ती खडखडत नाही, घासली जात नाही. समोरच्या खांबात एअरबॅग असेल, तर तिच्या उघडण्याच्या वाटेत तो वायर येऊच देत नाही. घाईचे काम मात्र सोललेल्या वायरींना पीळ देऊन उरकले जाते. शॉर्ट सर्किट होते ते तिथेच.

दुसरा धोका डोळ्यांचा. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि निळा-पांढरा उजेड हा सराव चटकन मोडतो. मंद लाल उजेडाने तो फारसा मोडत नाही. शिवाय भडक पट्टीचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि नेमके वळणच झाकले जाते. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट, मोलगीकडे जाताना देवगोईचा, सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारीचा. या वाटांवर दरड, बैल आणि पायी चाललेली माणसे हेडलाइटच्या उजेडातच ओळखायची असतात.

देवीपुढचा तो लाल बल्ब भक्तीने लावलेला होता, पण रंग आणि तेज दोन्ही बाबतींत तो चालकाच्या डोळ्याला सोसणारा होता. नव्या पट्टीलाही तेच माप लावावे. हौस जरूर करावी. पट्टी पायांपाशी किंवा दाराच्या खालच्या अंगाला घ्यावी, उजेड अगदी कमी ठेवावा, गाण्यावर नाचणारे रंग गाडी उभी असतानाच लावावेत. आणि घाटाचे पहिले वळण लागण्याआधी पट्टी बंद करावी.