फिल्मसारखे म्हणजे जुने नव्हे

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला द्यायचे ठरले, तेव्हा वडिलांचा अल्बम पुन्हा बाहेर निघाला. १९७४च्या सुमारास त्यांनी आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याने काढलेले चौकोनी कृष्णधवल फोटो त्यात आहेत. हौद, तुळशीवृंदावन, ओटीच्या खांबाला टेकून बसलेली आत्या. वाडा पडण्यापूर्वी त्याच जागा पुन्हा टिपाव्यात आणि ते फोटो याच अल्बमात जुन्यांशेजारी लावावेत, एवढीच माझी इच्छा होती. मोबाइलने काढून पाहिले. सगळे लख्ख आले, पण शेजारी ठेवल्यावर परके वाटले. म्हणून खिशात मावेल असा, फिल्मसारखे फोटो देणारा डिजिटल कॅमेरा शोधू लागलो. तेव्हा आधी ‘फिल्मसारखे’ म्हणजे काय, हेच ठरवावे लागले.

या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक फिल्मचा गुण, दुसरी काळाची झीज. वडिलांचे फोटो आज पिवळसर आहेत, पण ते धुऊन आले तेव्हा कागद पांढरा होता. हायपो नीट धुतला गेला नाही तर असा पिवळेपणा पुढे चढतो. रंगीत फोटोंतील रंगद्रव्ये उडाली की चित्र तांबूस होते. मोबाइलमधले बरेचसे ‘जुने’ फिल्टर या झिजेचीच नक्कल करतात. चित्रपटांचे जतन करणारे हा भेद काटेकोरपणे पाळतात. ओरखडा ही इजा, तर ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे चांदीचे दाणे, हे चित्राचे अंग. १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेल्या पुण्याला हा विचार नवा वाटू नये.

मग फिल्मचा खरा गुण कोणता? मुख्यतः उजेड सोसण्याची रीत. निगेटिव्हवर प्रकाश वाढत गेला, तरी तिचा काळेपणा त्याच प्रमाणात वाढत नाही. वाढ हळूहळू मंदावते. म्हणून भर दुपारच्या चौकातही उन्हातल्या फरशीचा पोत राहतो. डिजिटल सेन्सरचा प्रत्येक बिंदू घागरीसारखा असतो. भरली की भरली. वरून पडलेला प्रकाश वाया जातो आणि तिथे कोरा पांढरा डाग उरतो. उलट सावलीतला तपशील डिजिटलमध्ये नंतर बराच वर काढता येतो. म्हणून निगेटिव्ह फिल्मवर सावली सांभाळून एक्स्पोजर द्यायचे, तर डिजिटलवर ऊन सांभाळून. कोणताही कॅमेरा असो, चौकात मी एक्स्पोजर दोनतृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवतो. निम्मा फरक इथेच पडतो.

दुसरी गोष्ट आकाराची. वडिलांच्या १२०च्या रोलवर १२ फोटो येत. प्रत्येक निगेटिव्ह सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे ३,१०० चौरस मिलिमीटरच्या वर. स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा ११६, तर एपीएस-सी सुमारे ३७०. सेन्सर मोठा, तितकी उजेड-सावलीतली पायरी सौम्य मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून मेगापिक्सेल किती, हे नंतर विचारावे. आधी सेन्सर केवढा ते विचारावे.

सध्या तरुण मंडळी जुन्या बाजारात वीस वर्षांपूर्वीचे सीसीडी कॅमेरे शोधतात. सीसीडीचे रंग फिल्मसारखे असतात, अशी त्यामागची समजूत. सीसीडी काय किंवा सीमॉस काय, दोन्ही केवळ प्रकाश मोजतात. रंग ठरतात ते वरच्या रंगगाळणीने आणि आतल्या प्रक्रियेने. हौसेसाठी असा कॅमेरा जरूर घ्यावा. मात्र बॅटरी आणि कार्ड अजून मिळते का, हे आधी पाहावे. एक्सडी कार्डांचे उत्पादन कधीच थांबले आहे.

गंभीर कामासाठी माझ्यासमोर तीन वाटा उरल्या. सोनीची २०१२ची आरएक्स१०० लहान आणि एक इंची सेन्सरची. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत एपीएस-सी सेन्सर आणि डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर; २०१७च्या एक्स१००एफपासून फुजीच्याच कृष्णधवल फिल्मवर बेतलेली ‘आक्रॉस’ ही सोयही त्यात आहे. पण नवे मॉडेल लाखाच्या वर जाते आणि ते शर्टाच्या खिशात मावत नाही. २०१९चा रिको जीआर थ्री मावतो. सेन्सर एपीएस-सी, चौकोनी फ्रेमची सोय आणि अरुंद बोळात उपयोगी पडणारी २८ मिलिमीटरच्या तोडीची लेन्स. व्ह्यूफाइंडर नाही, ही उणीव. मी वापरलेला जीआर थ्री घेतला.

फोटो रॉ स्वरूपात काढले आणि मूळ फायलींना हात लावला नाही. प्रतींवर थोडा ग्रेन चढवला, पिवळेपणा मात्र मुळीच नाही. मग मॅट कागदावर, वडिलांच्या फोटोंच्याच मापाचे प्रिंट काढले.

आत्या आता ब्याऐंशीची आहे. तिला हौदाचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. तिने दोन्ही उचलून डोळ्यांजवळ धरले, उलटून पाहिले. वडिलांच्या फोटोमागे शाईने साल लिहिलेले होते, माझ्या फोटोची पाठ कोरी. “दादाचा कुठला नि तुझा कुठला, हे मला कळतंय रे,” ती म्हणाली, “पण तुझ्या नातवंडांना कोण सांगणार? आधी तारीख लिही.”

त्या संध्याकाळी चाळीसही फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहिली. वाडा पुढच्या महिन्यात पाडला.