वर भाजलेलं, खाली वाफवलेलं

पीच कॉब्लर करायचं तर मी भांडं मुद्दाम काचेचं घेते. आत काय चाललंय ते दिसतं. खाली पीचच्या फोडी, वर चमच्याने सोडलेले सैलसर पिठाचे गोळे आणि गोळ्यांमध्ये वाफेसाठी ठेवलेल्या फटी. ओव्हनच्या दाराशी बसून राहावं, असाच तो देखावा असतो.

पदार्थ अमेरिकेचा. इंग्लंडहून तिकडे वस्तीला गेलेल्यांना घरच्यासारखी पुडिंगं आणि पाय करायला ना नेहमीचं साहित्य मिळायचं, ना धड भट्टी. त्यांनी लोखंडी भांड्यात फळं शिजत टाकली आणि वर पिठाचे गोळे सोडले. खाली निखारे, काठाच्या झाकणावरही निखारे. आपल्या कोकणात काकडीचं धोंडस असंच भाजत. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना नेमकी तीच युक्ती सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॉब्लरवरचं बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. तो यीस्टशिवाय फुगणारा मऊ, खुसखुशीत पाव. त्यासाठी फ्रिजमधून काढलेल्या बटरचे वाटाण्याएवढे तुकडे मैद्यात नुसते चोळून सोडायचे, विरघळू द्यायचे नाहीत. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळजवळ १,६०० पट जागा लागते. वाटाण्याएवढ्या तुकड्यातली ती वाफ पिठाला आतून उचलते. बटर आधीच वितळलं, तर उचलायला कुणी उरत नाही.

दुसरा हात सोड्याचा. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. ढोकळा फुगतो तोही असाच. हा वायू लगेच सुटायला लागतो, म्हणून पीठ भिजवलं की रेंगाळायचं नाही. ताकाऐवजी कोरडं आम्ल सोड्यात मिसळलेलं असलं, की ती बेकिंग पावडर. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये ज्या फॉस्फेटचं पेटंट घेतलं, त्याने बेकिंग पावडरला कोरडं, टिकाऊ आम्ल मिळालं. सुरुवातीला ते हाडांपासून काढत! आजच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात: ओल्या झाल्यावर थोडं, तापल्यावर उरलेलं.

पण मला खरं थक्क करतो तो गोळ्याचा तळ. ओव्हन १९० अंशांवर असतो, तरी गोळा ज्या रसावर बसलाय तो रस उकळत असल्यामुळे शंभराच्या फारसा वर जात नाही. म्हणून गोळ्याची खालची बाजू भाजली जात नाही, उकडीच्या मोदकासारखी वाफवली जाते. वरची बाजू मात्र कोरड्या आचेत सुकत सुकत १४० अंशांपलीकडे जाते आणि तिथे साखर आणि प्रथिनं मिळून तो तांबूस रंग आणि खरपूस वास तयार करतात. एकाच गोळ्यात दोन स्वयंपाक. म्हणूनच फळं आधी कढत करून मग पीठ सोडावं. गार फळांवर सोडलं, तर वरून रंग येतो आणि तळ कच्चा, चिकट राहतो.

आता रस. साखर फोडींमधलं पाणी ओढून घेते, त्यामुळे सुरुवातीला रस पातळ असतो आणि बुडबुडे बारीक, भराभर फुटणारे. मग फोडींना चोळलेल्या कॉर्नफ्लोअरचे कण पाणी पिऊन फुगतात आणि बुडबुड्यांची चालच बदलते. ते जड, चकचकीत होतात, पिठल्यासारखे फदफदायला लागतात. कडेला फदफद सुरू झाली तरी मी ओव्हन बंद करत नाही. मधल्या फटीतून तसाच जड बुडबुडा येईपर्यंत थांबते.

बाहेर काढल्यावरही अर्धा तास हात लावत नाही, कारण रस निवताना आणखी आळतो. मग एक गोळा उचलून उलटा करते. वर करकरीत, खाली मोदकाच्या पारीसारखा मऊ आणि पीचच्या रसाने केशरी झालेला.