शिवरात्रीच्या हवेतली परसबाग

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे सांगतात. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याकडे मात्र ती जाता जाता बऱ्याचदा मागे वळते. पहाटे गोधडी लागते, दुपारी सावली शोधावी लागते आणि मधेच एखाद्या दिवशी आभाळ भरून येते. या हवेने माणसे शिंकतात. परसातल्या फुलपाखरांचा तर सगळा दिवसच तिच्यावर ठरतो.

उडण्यासाठी फुलपाखराच्या स्नायूंना साधारण 30 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते आणि ती बहुतेक उन्हातूनच मिळवावी लागते. म्हणून सकाळी ते पंख पसरून भिंतीवर बसते. ढगाळ दिवशी अकरा वाजले तरी बाग सुनी दिसते. फुलपाखरे असतात, पण पानांआड.

ऊन तापले की पहिली वर्दळ दगडी पाल्यावर, म्हणजे एकदांडीवर. उंच दांडीवरचे हे पिवळे-पांढरे फूल कुणी लावत नाही. मूळचे अमेरिकेतले हे तण सांडपाण्याच्या ओलीवर तग धरते आणि साफसफाईत पहिले उपटले जाते. कोपऱ्यात चार रोपे राहू दिली तर काही बिघडत नाही. गाजर गवताला मात्र ही सवलत नको. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. फुलण्याआधीच, हातमोजे घालून ते काढावे.

रुईची गोष्ट मजेशीर आहे. तिची पाने खाऊन वाढणारे केशरी 'प्लेन टायगर' फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते. 'डॅनेड एगफ्लाय'ची मादी विषारी नसते, पण अगदी तसाच वेश घेऊन वावरते. तिच्या अळ्या वाढतात त्या आपल्या भाजीच्या घोळीवर! रुईचा चीक डोळ्यात जाणार नाही, एवढे मुलांना बजावलेले बरे.

खरा पेच लिंबाचा आणि कढीपत्त्याचा. 'लाइम बटरफ्लाय'ची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. मोसंबीच्या रोपवाटिकेत ही कीड आहे, तिथे बंदोबस्त हवाच. पण घरच्या एका झाडासाठी औषधाचा पंप कशाला? शिवाय तोच कढीपत्ता फोडणीत जातो. अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडल्या की भागते.

गारपिटीला मात्र उपाय नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती मराठवाड्याने पाहिली, बीड जिल्ह्यानेही. अशा माराने पाने झडतात, त्यांवरची अंडीही जातात. फांद्यांना चिकटलेले काही कोष तेवढे वाचू शकतात. हिरव्या फांदीवरचा कोष बहुधा हिरवा, वाळक्या काटकीवरचा तपकिरी. सहज नजरेतून सुटतो. त्यामुळे मोडक्या फांद्या चुलीत घालण्याआधी एकदा उलटसुलट पाहाव्यात.